पोपटरावांच्या घरच्यांना काय हवं होतं?

प्रश्न : वय 26, मेकॅनिकल डिप्लोमा. वडील इथल्या एमआयडीसीत तीस वर्षं लेथवर होते. पोराचे हात तेलात जायला नकोत म्हणून त्यांनी मला राज्यसेवेच्या क्लासला घातलं. दोनदा पूर्वपरीक्षाच निघाली नाही. मला मित्राच्या शेडमध्ये शेतीची अवजारं बनवायला आवडतं. घरी विषय काढला की वडील जेवणावरून उठतात. हिवरे बाजारच्या पोपटराव पवारांनी एम.कॉम. होऊन गावातच राहायचं ठरवलं, तेव्हा त्यांच्या घरचे कसे तयार झाले?
– एक वाचक, नागापूर

उत्तर : पोपटरावांनी तसं ठरवलेलंच नव्हतं! गावातले ते तेव्हा एकमेव पदव्युत्तर. त्यांनी शहरात चांगली नोकरी धरावी, ही घरच्यांची इच्छा. त्यांचं स्वतःचं मन क्रिकेटमध्ये, आणि खेळ असा की पोरगा रणजीपर्यंत जाईल असं घरच्यांनाही वाटायचं. गावातली तरुण मुलं सरपंचपदासाठी मागं लागली, तेव्हा ते आधी तयारच नव्हते. शेवटी 1989 मध्ये बिनविरोध निवडून आले. घरच्यांचं स्वप्न राहिलं, त्यांचं स्वतःचंही राहिलं. गावाला ज्याची गरज होती ते काम हाती आलं.

मला यातलं हेच मोलाचं वाटतं. ‘माझी आवड की वडिलांची इच्छा’ या रस्सीखेचीत आपण वर्षं घालवतो आणि आपल्या हातांचं काम कुणाला हवंय, हे विचारायचं राहून जातं. हिवरे बाजारात पाणी हवं होतं. मग श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, डोंगरउतारावर चर, आणि पडलेला पाऊस मोजून पिकं ठरवायची शिस्त. पद्मश्री मिळाली 2020 साली, सरपंच झाल्यानंतर 31 वर्षांनी.

आता तुमच्या वडिलांकडे वळू. त्यांचा राग अवजारांवर नाही. कंपन्यांमध्ये पर्मनंट कामगार घटताना आणि ठेकेदाराची माणसं वाढताना ज्यानं पाहिलं, तो पोरासाठी पेन्शनीची खुर्चीच मागणार. ती भीती खरी आहे, तिला खोडून काढायला जाऊ नका. त्यांच्याकडे एक वर्ष मागा. राज्यसेवेची कमाल वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला 38, मागासवर्गीयांना 43 आहे; वर्षभरानं ती वाट बंद होत नाही, हे त्यांना आकड्यासकट सांगा.

त्या वर्षात एक वही ठेवा. कोणतं अवजार बनवलं, लोखंडाला किती गेले, वेल्डिंगला किती, कुणी नेलं, पैसे कधी आले, आणि तोच शेतकरी पुन्हा आला का. हा शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. तो भरेपर्यंत कर्ज काढू नका. भरू लागला की जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची चौकशी करा; नव्या उद्योगाला त्यातून कर्जाबरोबर अनुदानही मिळतं.

आणि एखाद्या रविवारी वडिलांना शेडवर न्या. मन वळवायला नको, अडलेलं काम दाखवायला. लेथवर तीस वर्षं काढलेल्या माणसाला तुमच्या जॉबमधली चूक लांबूनच दिसेल. ती त्यांना दाखवू द्या. मग चहा मागवा, आणि विषय त्यांनाच काढू द्या.