अमेरिकन समाजाचे अध्ययन आणि हिंगोलीचा विद्यार्थी

कोणताही समाज एकाच विषयाच्या पाठ्यपुस्तकातून समजत नाही. महाविद्यालयात इंग्रजीच्या तासाला अमेरिकन कादंबरी शिकविली जाते, राज्यशास्त्रात अमेरिकेची राज्यघटना येते, इतिहासात १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा व १८६१ ते १८६५ चे यादवी युद्ध येते. विद्यार्थी या सर्व विषयांत उत्तीर्ण होतो. परंतु स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढणाऱ्या देशात गुलामगिरी आणखी सुमारे नव्वद वर्षे कशी टिकली, या प्रश्नाचे उत्तर त्याला कोणत्याही एका तासाला मिळत नाही. ते उत्तर इतिहास, अर्थकारण, कायदा, धर्म आणि साहित्य यांच्या संगमावर सापडते.

या जाणिवेतूनच खुद्द अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात अनेक विद्याशाखा एकत्र आणणारा ‘अमेरिकन स्टडीज’ हा अभ्यासक्रम आकारास आला. १९५१ मध्ये या विषयाच्या अभ्यासकांची संघटना स्थापन झाली. भारतात १९६४ साली हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाच्या परिसरात अमेरिकन अध्ययनाचे संशोधन केंद्र सुरू झाले. हिंगोलीचा परिसर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता; त्यामुळे हे ज्ञानकेंद्र मराठवाड्याला परके नव्हते.

मराठी परंपरा

अमेरिकेकडे अभ्यासकाच्या दृष्टीने पाहण्याची परंपरा मराठीत मात्र याहून कितीतरी जुनी आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सज्जनांना अर्पण केला. दूरच्या देशातील एक घटना आपल्या समाजाच्या परीक्षणासाठी कशी उपयोगी पडते, याचा तो वस्तुपाठ होय.

पंडिता रमाबाई १८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियास गेल्या आणि १८८८ पर्यंत त्या देशात राहिल्या. १८८९ साली त्यांचा ‘यूनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात राज्यव्यवस्था, गृहस्थिती, शिक्षण, धर्मपंथ, परोपकारी संस्था आणि स्त्रियांची स्थिती यांचा एकत्र विचार आहे. आज ज्यास आंतरविद्याशाखीय अध्ययन म्हणतात, तेच हे कार्य. स्त्रियांच्या संघटित कार्याचे कौतुक करतानाच कृष्णवर्णीय व मूळ रहिवासी यांच्यावरील अन्यायाकडेही त्यांनी डोळेझाक केली नाही. त्याच वर्षी त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले. अध्ययनाची परिणती कृतीत झाली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. अर्थशास्त्र हा त्यांचा मुख्य विषय. पण त्याबरोबर त्यांनी इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्र यांचेही पाठ घेतले. भारतातील जातिसंस्थेवरील त्यांचा प्रसिद्ध निबंध ९ मे १९१६ रोजी मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात वाचला गेला, ही बाब लक्षणीय आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने दुसऱ्या शास्त्राची साधने वापरून आपल्या समाजाचा मूलगामी प्रश्न हाती घेतला होता.

मराठवाड्यात ही परंपरा पुढे चालली. लातूरचे प्राध्यापक डॉ. जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे साहित्य व संस्कृती यांवर मराठीत ग्रंथ लिहिला. दलित साहित्याच्या चर्चेला त्यातून तुलनेचा आधार मिळाला. हेच डॉ. वाघमारे पुढे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. हिंगोली जिल्ह्यातील महाविद्यालये याच विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात.

एक उदाहरण

अशा अध्ययनाची रीत एका परिचित विषयावरून ध्यानात येईल. १९५४ मध्ये अमेरिकेने ‘पी. एल. ४८०’ हा कायदा केला आणि १९५६ च्या करारानंतर तेथील गहू भारतात मोठ्या प्रमाणावर येऊ लागला. हा गहू डॉलरऐवजी रुपयांत का विकला गेला? तेथील शेतकऱ्यांचे अतिरिक्त उत्पादन हे अर्थशास्त्राचे उत्तर. शीतयुद्धातील मैत्रीची गरज हे राज्यशास्त्राचे उत्तर. १९६५-६६ च्या दुष्काळात हा पुरवठा हात आखडून होऊ लागला, तेव्हा अन्नधान्याच्या स्वावलंबनाचा निर्धार अधिक दृढ झाला. हे इतिहासाचे उत्तर. आणि शिवारातले गाजर गवत याच गव्हाबरोबर आले अशी जी सार्वत्रिक समजूत आहे, ती वनस्पतिशास्त्र व लोकमानस या दोहोंचा विषय ठरते. यातील एकच उत्तर घेणारा विद्यार्थी अमेरिकेस केवळ दाता तरी मानील, नाहीतर केवळ स्वार्थी तरी.

आजची निकड

१ मे १९९९ रोजी अस्तित्वात आलेल्या या जिल्ह्याचे नाव आता जागतिक विज्ञानाशी जोडले गेले आहे. गुरुत्वीय लहरींचा वेध घेणाऱ्या ‘लायगो-इंडिया’ प्रकल्पासाठी औंढा नागनाथ परिसराची निवड झाली असून एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास मान्यता दिली. या वेधशाळेच्या जोडीच्या दोन वेधशाळा अमेरिकेत हॅनफोर्ड व लिव्हिंगस्टन येथे आहेत. अशा काळात त्या देशाविषयीचे ज्ञान चित्रपट आणि ऐकीव गोष्टी यांवर विसंबून ठेवणे उचित नाही. त्यातून एकतर आंधळे आकर्षण निर्माण होते, किंवा तितकाच आंधळा तिरस्कार.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने मुख्य विषयासोबत अन्य विद्याशाखेतील विषय घेण्याची वाट मोकळी केली आहे. त्यासाठी स्वतंत्र पदवीची वाट पाहण्याचे कारण नाही. इंग्रजी, इतिहास, अर्थशास्त्र व राज्यशास्त्राच्या प्राध्यापकांनी मिळून एका सत्रासाठी एकच प्रश्न निवडावा. नगरसभा आणि ग्रामसभा, शाळांतील वर्णभेद आणि जातिभेद, तेथील शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था आणि येथील सोसायट्या असे कितीतरी विषय सुचतील. ग्रंथालयांनी रमाबाईंचा ग्रंथ मिळवून ठेवावा. पंचायत सदस्यांनी ग्रामसभेचा अनुभव विद्यार्थ्यांसमोर मांडावा. तुलनेची दुसरी बाजू त्यांच्याच हाती आहे.

फुले, रमाबाई आणि आंबेडकर यांनी अमेरिकेचा विचार केला तो तिची नक्कल करण्यासाठी नव्हे. आपल्या समाजातील अन्याय अधिक स्पष्ट दिसावा म्हणून. हिंगोलीच्या विद्यार्थ्याने त्या देशाचा अभ्यास करताना हाच हेतू पुढे ठेवला, तर त्या पदवीचे मोल गावालाही कळेल.