सल्ला कोणाचा घ्यावा?

गुरूविषयी आपल्याकडे जितके भक्तिभावाने बोलले जाते तितके विचारपूर्वक बोलले जात नाही, असे माझे वयोमानाने बनलेले मत आहे. आणि ते येथे मांडण्याचे धाडस मी करतो ते एवढ्यासाठीच, की उमेदीची सारी वर्षे महसूल खात्याच्या कारकुनीत घालवून, चाळिशी उलटल्यावर वकिलीची सनद घेतलेल्या माझ्यासारख्या माणसाकडे, चालू नोकरी सोडावी की न सोडावी या विवंचनेत पडलेली तरुण मंडळी अलीकडे वरचेवर येतात, आणि त्यांतील बहुतेकांनी हा प्रश्न माझ्याकडे येण्यापूर्वी भलत्याच माणसाला विचारलेला असतो. भलता माणूस म्हणजे वाईट माणूस नव्हे. ज्याने त्यांना हाती धरून काम शिकवले, ज्याला त्यांच्या कल्याणाची खरीखुरी कळकळ आहे, असाच तो बहुधा असतो. आणि अडचण नेमकी तेथेच आहे.

१९७७ साली मी एका तहसील कचेरीत लिपिक म्हणून रुजू झालो, त्या वेळी तेथील अभिलेख कक्ष ज्यांच्या ताब्यात होता त्या अव्वल कारकुनांना सारा तालुका भाऊसाहेब म्हणे. पदवी घेऊन आलेल्या मला सातबारा म्हणजे जमिनीचा एक कागद, याहून अधिक काही ठाऊक नव्हते. भाऊसाहेबांनी मला तो उलट्या दिशेने वाचायला शिकवले. उताऱ्यावर वर्तुळात घातलेला फेरफाराचा क्रमांक घ्यावा, गाव नमुना सहामधील ती नोंद काढावी, तिच्यात उल्लेखिलेल्या आधीच्या नोंदीकडे जावे, तेथून आणखी मागे, असे करीत जुन्या हक्कनोंदीपर्यंत पोचावे, आणि वाटेत मोडी लिपीतले कागद लागले तर अडून बसू नये म्हणून मोडीही शिकून घ्यावी, असा त्यांचा दंडक होता. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या तारखेस जमिनीत कूळ होते काय, असल्यास कुळकायद्याच्या कलम ३२-ग खाली किंमत ठरली काय, आणि ठरलेली किंमत भरून ३२-म चे प्रमाणपत्र मिळाले काय, हे पाहिल्यावाचून खरेदीखताकडे वळू नये, हेही त्यांनीच शिकवले. वारसाच्या नोंदीत भावांची नावे कब्जेदार सदरी आणि बहिणींची ‘इतर हक्कात’ लिहिलेली दिसली, की तेथे बोट ठेवून ते थांबत आणि म्हणत, “हे भांडण आज झोपले आहे; जागे होईल तेव्हा तुम्ही कुठल्याही खुर्चीवर असा, हा कागद तुम्हाला शोधत येईल.” नोंदीचे अक्षर मध्येच उतरले असेल तर लिहिणारा दमला होता असे समजून पुढचे क्षेत्राचे आकडे पुन्हा ताडून पाहावेत, ही त्यांची सूचना तर मी आजही माझ्या हाताखालच्या मुलांना देतो.

त्यांच्याच आग्रहाने मी महसूल अर्हता परीक्षा दिली, आणि पुढे खात्याची रीतसर परवानगी काढून विधी महाविद्यालयाच्या सकाळच्या वर्गांना जाऊ लागलो तेव्हा माझे टपालाचे काम त्यांनी कित्येकदा स्वतः उरकले. अशा माणसाला सोडून मी माझ्या भवितव्याचा प्रश्न दुसऱ्या कोणाला विचारणार? पदवी हाती पडताच मी त्यांनाच विचारले, आणि त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले, “कचेरीच्या खुर्चीला मान असतो, वकिलाच्या खुर्चीला भाडे असते. बसा आहात तेथेच.” मी बसलो. पदवीचा कागद पेटीत गेला, आणि बढती, बदली, निवडणुकीची कामे, टंचाईची कामे यांत वर्षे सरली.

या उत्तरात यत्किंचितही कपट नव्हते. परंतु ते कोठून आले होते याचा विचार मला पुष्कळ उशिरा सुचला. भाऊसाहेबांनी वकील पाहिले होते ते कचेरीच्या आवारात अर्जदारांच्या घोळक्यात उभे असलेले, मुदतीसाठी अर्ज करणारे, नकलांसाठी तिष्ठणारे. दिवाणी न्यायालयात दावा कसा उभा राहतो, वकिलाच्या कार्यालयात पहिली तीन वर्षे माणूस काय खातो, अशिलाचा विश्वास कशाने बसतो, यांची त्यांना मुळीच माहिती नव्हती, आणि नसणे स्वाभाविक होते. दुसरे असे, की ज्या कामाला त्यांनी आयुष्य वाहिले ते त्यांचाच उत्तम शिष्य टाकून जातो म्हटल्यावर त्यांच्या आयुष्यावरच काही अभिप्राय दिला गेल्यासारखे होते; कितीही उदार गुरूला हे मनातून पूर्णपणे बाजूला सारता येत नाही. आणि तिसरी गोष्ट शिष्याच्या बाजूची आहे. ज्याचे ऋण आपण मानतो त्याचे मत आपण तोलत नाही, पाळतो. एखाद्या नोंदीबद्दल भाऊसाहेब जे सांगत ते मी जसे निःशंक मनाने स्वीकारी, तसेच, त्याच निःशंक मनाने, ज्या विषयात त्यांचा अधिकार नव्हता त्या विषयातलेही त्यांचे मत स्वीकारले गेले. विद्येतील अधिकार आणि वाटेविषयीचा अधिकार हे दोन निराळे अधिकार आहेत. एकाच्या बळावर दुसरा गृहीत धरू नये.

परंतु या अनुभवावरून कोणी असा निष्कर्ष काढील, की वडीलधाऱ्यांचे न ऐकता तडक उडी मारावी, तर त्याने माझ्या एका सहकाऱ्याची हकिकत ऐकावी. तो माझ्याहून हुशार आणि माझ्याहून अधीर होता. शहरातल्या एका परिचिताने, “तुझ्यासारख्या माणसाने कारकुनी करावी हे लाजिरवाणे आहे,” असे वारंवार म्हणून त्याला चेतवले, आणि अर्हताकारी सेवेची वीस वर्षे भरण्यास थोडा अवधी उरला असताना त्याने एके दिवशी राजीनामा लिहून दिला. १९८२ च्या महाराष्ट्र नागरी सेवा निवृत्तिवेतन नियमांनुसार राजीनाम्याने पूर्वीची सेवा जप्त होते; योग्य परवानगीने दुसऱ्या शासकीय पदावर जाण्यासाठी दिलेला राजीनामा हा त्याला अपवाद. उलट वीस वर्षांची अर्हताकारी सेवा पूर्ण करून आणि तीन महिन्यांची नोटीस देऊन घेतलेल्या स्वेच्छानिवृत्तीने निवृत्तिवेतनाचा हक्क शाबूत राहतो. थोडा धीर धरून वेगळ्या मथळ्याचा अर्ज केला असता, तर त्या कुटुंबाच्या पुढील सर्व वर्षांचा हिशेब निराळा झाला असता. विशेष असे, की हे सारे ज्याला मुखोद्गत होते तो आस्थापना शाखेचा कारकून त्याच्यापासून चार टेबले दूर बसत होता, आणि त्याला कोणी विचारले नाही. कारण असल्या रूक्ष माणसाला आयुष्याविषयी काय विचारायचे, असे सर्वांनाच वाटते. चेतवणाऱ्या परिचिताचे मात्र या प्रकरणात काहीच गेले नाही. ज्याला आपल्या निर्णयाची झळ पोचणार नाही आणि ज्याला त्या निर्णयाचे नियमही ठाऊक नाहीत, त्याचा उत्साह हा सल्ला नव्हे.

मला योग्य माणूस भेटला तो योगायोगाने. एका कुळकायद्याच्या प्रकरणात ज्या वकील बाई आमच्या कचेरीत कागद पाहण्यास येत, त्या पूर्वी शाळेत शिक्षिका होत्या, आणि न्यायालयाच्या आवारातही त्यांना सगळे बाईच म्हणत. वयाने त्या माझ्याहून लहान. मी भीत भीत विषय काढला, तेव्हा त्यांनी जा अथवा जाऊ नका यांपैकी काहीही सांगितले नाही. एक पैसा न मिळवता घर किती महिने चालेल, आणि हे घरच्या माणसांना विचारून सांगता आहात की स्वतःच्या अंदाजाने, हा त्यांचा पहिला प्रश्न. तुमच्या मुलाच्या वयाचा वकील तुम्हाला तारीख घेऊन या म्हणाला तर जाल काय, हा दुसरा. तिसरा प्रश्न नव्हता, अट होती: रजा मिळेल त्या दिवशी येऊन न्यायालयात मागच्या बाकावर बसायचे, पाहायचे, आणि पावसाळा संपेपर्यंत मत बनवायचे नाही.

अशा अटीचे मोल मोठ्या माणसांनीही जाणले होते. १९१५ च्या जानेवारीत गांधीजी दक्षिण आफ्रिकेतून परत आले तेव्हा गोपाळ कृष्ण गोखल्यांनी त्यांच्याकडून वर्षभर देश हिंडून पाहण्याचे आणि त्या अवधीत सार्वजनिक प्रश्नांवर मत न देण्याचे वचन घेतले; पुढच्याच महिन्यात गोखले निवर्तले, तरी ते वचन पाळले गेले. दूरदेशी मोठा लढा दिलेल्या माणसालाही नव्या भूमीत आधी पाहणाराच होऊन राहावे लागते, हे सांगण्याचा अधिकार गोखल्यांना होता, कारण ती भूमी त्यांनी पायाखाली घातलेली होती. जिकडे जायचे तेथल्याचा, आणि शक्य तर आपल्यासारखीच वाट तुडवून तेथे पोचलेल्याचा सल्ला तो हाच.

१९९८ साली मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. पूर्णवेळ पगारी नोकरीत असणाऱ्यास वकिली करता येत नाही, तेव्हा सनद त्यानंतरच मिळाली, आणि मी बाईंच्या कार्यालयात कनिष्ठ म्हणून बसू लागलो. पहिल्याच दाव्याचा मसुदा मी मोठ्या अभिमानाने लिहिला. फेरफारांची अखंड साखळी त्यात मांडली होती. बाईंनी तो वाचून परत दिला आणि विचारले, “नोंदी समजल्या. आता तुमच्या अशिलाला हक्क कोठून आला ते सांगा.” महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, परंतु नोंदीने मालकी निर्माण होत नाही, ती खरेदीखताने, वारसाने, वाटपाने होते आणि दिवाणी न्यायालयात ती शाबीत करावी लागते. जी नोंद प्रमाणित झाली की कचेरीत प्रकरण निकाली निघे, तीच येथे केवळ आरंभ होती. पेशा बदलणाऱ्याच्या जुन्या विद्येचेही असेच होते: नव्या जागी तिची नोंद जरूर घेतली जाते, पण मालकी पुन्हा शाबीत करावी लागते. जे हे मानत नाहीत ते नव्या कार्यालयात जुन्या हुद्द्याने वागतात आणि लवकरच एकटे पडतात. आणि जे उलट टोकाला जाऊन जुने सर्व विसरू पाहतात ते हातचे भांडवल टाकून देतात. भाऊसाहेबांची मोडी आणि ‘इतर हक्क’ सदरावरचे त्यांचे बोट यांनीच पुढे मला अशिले मिळवून दिली. १९९४ च्या राज्य दुरुस्तीने आणि नंतर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मसिद्ध हिस्सा मिळाला, तेव्हा झोपलेली ती भांडणे खरोखरच जागी झाली.

बदलाची पूर्वतयारी चालू नोकरीतच कशी होते याचे उत्तम उदाहरण म्हणून मी रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांचे नाव घेतो. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या पदरी राजपुत्रांच्या शिक्षणाचे काम करता करताच त्यांनी रियासतीचे लेखन आरंभिले. १९२५ साली सेवा संपवून ते पुढे कामशेतला राहिले, आणि १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातून निवडलेल्या कागदांचे पंचेचाळीस खंड त्यांच्या संपादकत्वाखाली निघाले. साठीच्या पुढचे हे दुसरे आयुष्य निवृत्तीच्या दिवशी सुरू झाले नव्हते. जदुनाथ सरकारांसारखा त्याच विषयात मुरलेला स्नेही त्यांना लाभला होता, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे.

आता ज्यांच्यासाठी हे लिहिले त्यांना थोडक्यात सांगतो. ज्याने काम शिकवले त्याच्याकडून काम शेवटच्या थेंबापर्यंत शिकून घ्या, आणि जाण्याचा निर्णय झाल्यावर तो सर्वांत आधी त्यालाच सांगा. पण जावे की नाही हे त्याला विचारू नका, कारण त्या प्रश्नाने तुम्ही त्याला अशा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करता जेथे प्रामाणिक साक्षही उपयोगी पडत नाही. पैशाचा आणि नियमांचा प्रश्न आस्थापनेच्या कारकुनाला विचारा, आणि उत्तर त्याच्या तोंडून न घेता नियमाचे पान उघडून घ्या. कारण १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर राज्य शासनाच्या सेवेत आलेल्यांना अंशदायी योजना लागू झाल्याने माझा हिशेब तुमच्या कामाचा नाही, आणि वकिलीकडे येणाऱ्यांना आता बार परीक्षाही द्यावी लागते, जी माझ्या वेळी नव्हती. पेशाविषयीचा प्रश्न मात्र त्या पेशात असलेल्याला विचारा. त्यातही जो दुसरीकडून तेथे आला आहे आणि ज्याला पहिल्या वर्षांची ओढाताण अजून आठवते आहे, अशालाच. तो तुम्हाला होकार वा नकार देण्याची घाई करू लागला, तर दुसरा शोधा.

आणि आम्ही जे आता स्वतःच शिकवणारे झालो आहोत, त्यांचेही एक कर्तव्य आहे. हाताखालचा मुलगा किंवा मुलगी जाऊ का म्हणून विचारू लागली, तर आपल्या अनुभवाचे वजन त्यांच्या प्रश्नाच्या पारड्यात टाकण्याचा मोह आवरावा, ते जिकडे निघाले आहेत तिकडच्या एखाद्या भल्या माणसाच्या नावे चिठ्ठी लिहून द्यावी, आणि तोवर ठरलेले काम पूर्ववत शिकवत राहावे.