गेम खेळताना संगणक का बंद पडतो?



पालक सभेत एक तक्रार आता नेहमीची झाली आहे. "सर, घरचा कॉम्प्युटर एरवी नीट चालतो, पण मुलगा गेम खेळायला बसला की अर्ध्या तासात आपोआप बंद होतो." मुलगा म्हणतो, यंत्र जुने झाले, नवे घ्या. वडील म्हणतात, गेमनेच बिघडवले. दुकानदार म्हणतो, मदरबोर्ड बदला. आम्ही सर्वांना एवढेच सांगतो की आधी तापमान पाहा, मग खिशात हात घाला.

कारण असे आपोआप बंद होणे हा पुष्कळदा बिघाड नसतो, तो बचाव असतो. प्रोसेसरच्या आतच तापमान मोजण्याची सोय असते. साधारण ९५ ते १०० अंश सेल्सियसला पोचला की तो स्वतःचा वेग कमी करतो. तेव्हा गेम अडखळू लागतो. तरीही उष्णता वाढत राहिली तर जळून जाण्यापेक्षा यंत्र बंद करणे बरे, अशीच त्याची रचना आहे. म्हणून घटनेचा क्रम नीट लक्षात ठेवावा. पंख्याचा आवाज वाढला, गेम अडखळला आणि मग यंत्र बंद झाले, तर संशय उष्णतेवर घ्यावा. गेम सुरू होताच काही सेकंदांत झटक्यात बंद झाले, तर एस.एम.पी.एस. म्हणजे वीज पुरवणारा डबा कमी पडत असण्याची शक्यता जास्त. तो डबा मात्र घरी कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही त्याच्या आत धोकादायक वीज साठलेली असू शकते.

(आपण सगळे त्या मोठ्या पेटीलाच "सी.पी.यू." म्हणतो. खरा सी.पी.यू. म्हणजे आतली प्रोसेसरची चिप. पेटीला कॅबिनेट म्हणावे.)

पत्र टाइप करताना जे यंत्र तापत नाही, ते गेममध्ये का तापते? टाइप करताना प्रोसेसर बहुतेक वेळ रिकामा असतो. गेममध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघेही जोरात कामाला लागतात. प्रोसेसर ६५ वॉटचा आणि कार्ड आर.टी.एक्स. ३०६० सारखे १७० वॉटचे धरले, तर बेरीज २३५ वॉट होते. जुन्या काळचे १०० वॉटचे दोन पिवळे बल्ब एका बंद पेटीत तासभर लावून ठेवले तर काय होईल, हे कोणीही सांगेल.

ही उष्णता बाहेर जाते कशी? आम्ही विज्ञान हिंदीतून शिकलो, तिथे चालन, संवहन आणि विकिरण हे शब्द होते. तुमच्या पुस्तकात वहन, अभिसरण आणि प्रारण आहेत. चिपची उष्णता वर बसवलेल्या धातूच्या हीटसिंकमध्ये जाते, ते वहन. पंखा ती हवेबरोबर वाहून नेतो, ते अभिसरण. प्रारणाचा वाटा इथे अगदी थोडा. म्हणजे दोष शोधायचा तो दोनच ठिकाणी. चिप आणि धातूचा स्पर्श नीट नाही, किंवा हवा खेळत नाही.

दोन्हींतले कोणते, हे फुकटात कळते. ग्राफिक्स कार्डाचे तापमान विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये दिसते. प्रोसेसरचे पाहायला एच.डब्ल्यू. मॉनिटर हा मोफत प्रोग्राम पुरतो. वीस मिनिटे गेम खेळून आकडे लिहून घ्या. कार्ड ६५ ते ८० आणि प्रोसेसर ८५ च्या आत असेल तर काळजी नको. जास्त असेल तर यंत्र बंद करून, प्लग काढून, कॅबिनेटच्या बाजूचा पत्रा काढा आणि मोठ्यांच्या देखत तोच गेम तितकाच वेळ पुन्हा खेळा. तापमान आठ-दहा अंशांनी उतरले तर पेटीत हवा खेळत नाही. फारसे उतरलेच नाही तर दोष हीटसिंककडे आहे.

हवा न खेळण्याची कारणे घरोघरी तीच. कॉम्प्युटर टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबलेली पेटी, भिंतीला चिकटलेली पाठ, अर्धवट काढलेले कापडी कव्हर, आणि धूळ. पंखा आणि हीटसिंकच्या पात्यांमध्ये धुळीचा नमद्यासारखा थर बसतो. पंखा फिरताना दिसतो, पण हवा आत शिरतच नाही. प्लग काढून, पेटी अंगणात किंवा गॅलरीत नेऊन मऊ ब्रश आणि ब्लोअरने साफ करावी. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून खराब होतो. ओले फडके आत नेऊ नये.

हीटसिंककडे दोष निघाला तर आधी त्याच्या पिना पाहाव्यात. इंटेलच्या प्रोसेसरसोबत मिळणारा पंखा चार प्लास्टिकच्या पिनांवर बसतो. त्यांतली एक जरी वर आलेली असली तरी धातू चिपवर तिरका बसतो आणि तापमान झपाट्याने चढते. पिना ठीक असतील तर थर्मल पेस्ट वाळली असेल. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मटारच्या लहान दाण्याएवढी नवी लावावी. जास्त लावून फायदा नाही. ए.एम.डी.च्या ए.एम. फोर सॉकेटमध्ये हीटसिंक सरळ ओढू नये. यंत्र थोडे चालवून गरम करावे, मग बंद करून, प्लग काढून, हीटसिंक हलके फिरवत उचलावा. नाहीतर प्रोसेसर चिकटून वर येतो आणि पिना वाकतात. हे काम जाणकाराकडूनच करून घेतलेले बरे.

एक उपाय मुलांच्याच हातात आहे. मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेम रेट ६० वर बांधावा. बंधन नसले तर काही गेममध्ये मेनूच्या स्थिर चित्रावरसुद्धा कार्ड सेकंदाला शेकडो चित्रे काढत राहते, आणि ती मॉनिटरला दाखवताच येत नाहीत.

आणि ऋतू विसरू नका. कोणताही पंखा चिपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोली २८ वरून ४० अंशांवर गेली की आतले आकडेही साधारण तितकेच वर सरकतात. आपल्या माळव्यातल्या रात्री प्रसिद्ध आहेत, पण मे महिन्यातली दुपार त्याहून वेगळी. रात्रीचा आकडा चांगला आला म्हणून निश्चिंत होऊ नये, दुपारचाही घ्यावा.

आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी खोलीचे तापमान, पत्रा लावून आलेला आकडा आणि पत्रा काढून आलेला आकडा असे तीन रकाने वहीत आखून पुढच्या संगणक तासाला आणावेत. ज्यांचे शेवटचे दोन रकाने जवळपास सारखे येतील, त्यांनी पालकांना सांगून पेटीही आणावी. पिनांची बैठक संगणक कक्षात मिळून तपासू.