माहितीची राखण : संस्थांसाठी काही मूलभूत धडे

रुग्णालयाची मालमत्ता म्हटली की इमारत, यंत्रसामग्री, रुग्णवाहिका व मुदत ठेवी डोळ्यांसमोर येतात. ताळेबंदात त्यांची नोंद असते. परंतु एका मालमत्तेचा आकडा कोणत्याही ताळेबंदात सापडत नाही. ती म्हणजे रुग्णांनी व देणगीदारांनी विश्वासाने आपल्या स्वाधीन केलेली माहिती. रुग्णाचा आजार, तपासण्यांचे अहवाल, देणगीदाराचा पॅन क्रमांक ही सारी परक्याची ठेव आहे आणि ठेव राखणे हे विश्वस्तांचे आद्य कर्तव्य होय.

या राखणीची तीन अंगे मानली जातात. पहिले गोपनीयता : ज्याला अधिकार आहे त्यानेच माहिती पाहावी. दुसरे अचूकता : नोंदलेला रक्तगट कोणालाही परस्पर बदलता येऊ नये. तिसरे उपलब्धता : मध्यरात्री अत्यवस्थ रुग्ण आला असता त्याची जुनी नोंद हाताशी असावी.

हे तिसरे अंग निकामी झाले म्हणजे काय होते, हे आपल्याच जिल्ह्याने पाहिले आहे. जून २०१७ च्या अखेरीस उरण तालुक्यातील न्हावा-शेवा येथील एका कंटेनर टर्मिनलचे संगणक ठप्प झाले व मालाची ने-आण खोळंबली. हे टर्मिनल डेन्मार्कच्या मर्स्क समूहाकडून चालविले जात होते. ‘नॉटपेट्या’ नावाचा घातक प्रोग्राम २७ जून रोजी युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमार्फत पसरला आणि जगभरच्या कार्यालयांत शिरला. आमच्याशी कोणाचे वैर नाही, तेव्हा आम्हांस भय नाही, ही समजूत किती भाबडी आहे, ते यावरून कळावे.

त्याने वापरलेल्या विंडोजमधील त्रुटीवर मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दुरुस्ती दिली होती. मात्र एकदा आत शिरल्यावर संगणकातील पासवर्ड उचलून तो दुरुस्त केलेल्या यंत्रांवरही पसरत असे. मर्स्कला सुमारे ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. तोटा २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेला. संपूर्ण यंत्रणेच्या मुख्य नोंदवहीची एकच प्रत वाचली, ती आफ्रिकेतील घाना येथे. हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेलेली होती, इतकेच तिचे भाग्य! आपल्या संस्थेची सुरक्षा अशा योगायोगावर सोपविता येणार नाही.

यातून प्रत्येक संस्थेने घ्यावयाचे धडे साधे आहेत.

१. प्रत्येक कर्मचाऱ्यास स्वतंत्र पासवर्ड द्यावा व कामापुरताच अधिकार द्यावा. नोकरी सोडणाऱ्याचा प्रवेश त्याच दिवशी बंद करावा.

२. सॉफ्टवेअरच्या दुरुस्त्या वेळच्या वेळी बसवाव्यात.

३. माहितीच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर ठेवाव्यात. त्यांपैकी एक दुसऱ्या गावी असावी व एक तरी संगणकजालापासून तोडलेली असावी. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मुरूड भागांत कित्येक दिवस वीज नव्हती, हे आपण विसरलेलो नाही. प्रत ठेवणे पुरेसे नाही. तिच्यातून माहिती परत मिळते का, हे अधूनमधून तपासावे.

४. रोखपाल व हिशेबनीस एकच व्यक्ती नसावी, हा वाणिज्यशास्त्राचा जुना नियम येथेही लागू आहे. पुरवठादाराने बँक खाते बदलल्याचे ई-मेलने कळविल्यास, आपल्याकडील जुन्या क्रमांकावर दूरध्वनी करून खात्री करावी व दुसऱ्या अधिकाऱ्याच्या संमतीनेच रक्कम पाठवावी.

५. संगणक बंद पडल्यास कागदावर काम कसे चालवावे, याचा सराव असावा.

कायद्यानेही ही जबाबदारी आता अधिक स्पष्ट केली आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमात सुरक्षेची वाजवी खबरदारी न घेणाऱ्या संस्थेस २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. परंतु दंड भरता येतो; एखाद्या कुटुंबाचे गुपित गावभर झाले तर ते परत झाकता येत नाही.

रुग्णांच्या नातेवाइकांस विनंती की, अहवालांची छायाचित्रे व्हॉट्सॲपच्या समूहांत टाकू नयेत. रुग्णालयाच्या नावे कोणी ओटीपी मागितल्यास देऊ नये. आर्थिक फसवणूक झाल्यास विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे.

देणगीदारांनी व विश्वस्तांनी या कामासाठीचा खर्च अनुत्पादक समजू नये. कुलूप, तिजोरी व पहारेकरी यांवर होणारा खर्च आपण जसा निमूटपणे मान्य करतो, तसाच हाही आहे.