जुन्या मोटारसायकलीच्या चाकांतील बेअरिंग

आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत पहाटे कोणत्याहि मोठ्या रस्त्याच्या कडेस उभें राहिलें, म्हणजे दुधाच्या किटल्या लादून डेअरीकडे निघालेल्या मोटारसायकली दृष्टीस पडतात. त्यांत जुन्या गाड्या पुष्कळ असतात. राजदूत आतां निघत नाहीं; १९७२ सालीं निघालेली व पुढें आपल्या नगरच्या कारखान्यांत घडत असलेली पेट्रोलची लूनाहि बंद झाली. तरी ज्या गाडीनें घर चालविलें, ती शेतकरी सहसा मोडींत काढीत नाहीं. विद्यार्थीमित्रहो, तुमच्यापैकीं अनेकांच्या घरीं अशी एखादी गाडी असेल. म्हणून तिच्या चाकांतील बेअरिंग कसें काढावें व नवें कसें बसवावें, हें येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

इंजिन बिघडलें तर गाडी जागच्या जागीं उभी राहते व खोळंबा होतो, इतकेंच. बेअरिंग बिघडलें तरी गाडी चालतच राहते. भय आहे तें यांतच. चाळीस-चाळीस लिटरांच्या दोन भरलेल्या किटल्या घेऊन कोणी करंजी घाट उतरत आहे, आणि मागचें चाक डुलूं लागलें आहे, अशी कल्पना करा. चाकाबरोबर ब्रेकचा ड्रमहि डुलतो, आणि ज्या क्षणीं ब्रेक हवा, त्याच क्षणीं तो धड लागत नाहीं.

दोष ओळखणें कठीण नाहीं. गाडी मधल्या स्टँडवर उभी करावी, चाक वर व खालीं दोन्ही हातांनीं धरून आडवें हलवावें. खटखट लागली, तर बेअरिंग झिजलें आहे असें समजावें. (पुढच्या चाकाची परीक्षा करतांना सोबत्यानें फोर्क घट्ट धरावा, नाहीं तर हँडलच्या कोनसेटचा दोष बेअरिंगच्या माथीं बसावयाचा.) मग चाक हळू फिरवावें. जात्यांत खडा गेल्याप्रमाणें हातास कचकच लागली, तर दुसरा पुरावा मिळाला.

आतां हें यंत्र आहे तरी काय? बैलगाडीच्या चाकाचा तुंबा आंसावर घासत फिरतो, आणि त्या घर्षणास उपाय म्हणून आपण वंगण घालतों. घासण्याऐवजीं घरंगळणें सोपें, हें तत्त्व बेअरिंगांत आहे. इ. स. १७९४ मध्यें वेल्समधील फिलिप व्हॉन यानें गाडीच्या आंसासाठीं लोखंडी गोळ्यांच्या अशा योजनेचें पेटंट घेतलें होतें. आजच्या बेअरिंगांत एक बाहेरचें कडें, एक आंतलें कडें व त्या दोहोंमधील खोबणींत फिरणारे पोलादी छर्रे असतात. बाहेरचें कडें चाकाच्या हबांत, म्हणजे तुंब्यांत, घट्ट ठोकलेलें असतें. आंतल्या कड्यांतून एक्सल जातो. चाकास अशीं दोन बेअरिंगें असून त्यांच्या मधोमध स्पेसर नांवाची एक नळी असते. ही नळी दिसावयास क्षुल्लक आहे. तिचें महत्त्व पुढें सांगूं.

दुकानांत जाण्यापूर्वीं जुन्या बेअरिंगावरील आंकडा वाचावा. ६३०१ असें लिहिलें असेल, तर भोंक १२ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ३७ व जाडी १२. ६२०३ असेल, तर तींच मापें १७, ४० व १२. शेवटचे दोन आंकडे भोंक सांगतात: ०० म्हणजे १०, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७, आणि ०४ पासून पुढें त्यास पांचांनीं गुणावें. पालकांस एक विनंति. नामांकित कंपन्यांच्या नांवानें खोटा माल विकला जातो. तेव्हां चार पैसे वांचविण्याच्या भरांत सुटें, बिनखोक्याचें बेअरिंग घेऊं नये, पावती मागावी. चांगला माल दुरून आणावा लागतो असेंहि नाहीं. १९०७ सालीं स्वीडनमध्यें स्थापन झालेल्या एस्. के. एफ्. कंपनीचा कारखाना पुण्याजवळ चिंचवडास आहे.

चाक काढतांना इंजिनाखालीं लाकडी ठोकळा देऊन गाडी पक्की करावी. एक्सल बाहेर काढल्यावर जे वायसर व बुश निघतील, ते निघाले त्याच क्रमानें वर्तमानपत्रावर मांडावे. ऑईल सील पेचकसानें उचकटावें; तें पुनः वापरूं नये. कांहीं गाड्यांत बेअरिंगापुढें लॉकची कडी अथवा आट्यांचें झांकण असतें, व आटे क्वचित् उलटेहि असतात. तेव्हां जोर करण्यापूर्वीं नीट पाहावें. मग एका बाजूनें नरम लोखंडाची सळई घालून स्पेसर किंचित् बाजूस सारावा, पलीकडील बेअरिंगाच्या आंतल्या कड्यावर सळई टेकवावी, आणि जागा बदलीत चोहोंकडून सारखे ठोके द्यावे. हातोडा प्रत्यक्ष बेअरिंगावर कधींहि मारूं नये. त्याचें पोलाद कठीण असल्यामुळें कपची उडते. डोळ्यांस चष्मा हवाच.

तरी तें हलेना, तर पदार्थविज्ञानाचा आश्रय करावा. हब ॲल्युमिनियमचा असेल, तर तो तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतो. ३७ मिलिमीटरांचें भोंक ७० अंशांनीं तापविलें, तर सुमारें सहा शतांश मिलिमीटर वाढतें, म्हणजे केंसाच्या जाडीइतकें. हबाभोंवतीं फडकें गुंडाळून त्यावर उकळतें पाणी ओतावें, आणि हें काम मोठ्यांनींच करावें. काढतांना बेअरिंगहि तापून फुगतें, म्हणून लाभ निम्माच होतो. बसवितांना मात्र हब गरम व नवें बेअरिंग थंड असतें, तेव्हां तो पूर्ण मिळतो. आट्यांवर रॉकेलच्या दिव्याची ज्योत धरण्याची रीत आम्हांस मुळींच पसंत नाहीं. टायर शेजारींच असतो.

आतां मुख्य गोष्ट. बेअरिंग काढतांना आंतल्या कड्यावर मारलेला ठोका छर्र्यांमधून बाहेरच्या कड्याकडे जातो. छर्रा खोबणीस अगदीं लहानशा जागीं टेकलेला असतो, म्हणून तेवढ्या जागेवर दाब प्रचंड होऊन खोबणींत खळी पडते. धातूवर गोळी दाबून पडलेल्या खळीवरून कठीणपणा मोजण्याची युक्ति १९०० सालीं स्वीडनच्या ब्रिनेलनें काढली. येथें आपण नकळत तोच प्रयोग आपल्याच बेअरिंगावर करतों. म्हणून अशा रीतीनें काढलेलें बेअरिंग दिसावयास चांगलें असलें तरी परत घालूं नये. आणि नवें बसवितांना ठोका केवळ बाहेरच्या कड्यावर द्यावा. व्यासानें किंचित् लहान असा गोटी पाना ठोकण्यास उत्तम. तो नसेल, तर जुन्या बेअरिंगाचें बाहेरचें कडें थोडें घासून त्याचा उपयोग करावा. रस्त्याकडेच्या घाईंत मधल्या भागावर हातोडा बसतो, आणि नवें बेअरिंग पहिल्या दिवशींच जखमी होऊन घरीं येतें. त्याची कचकच कांहीं महिन्यांनीं ऐकूं येते, तेव्हां दोष रस्त्यास दिला जातो.

पहिलें बेअरिंग खोबणींत तळापर्यंत बसवावें. तें पुरतें बसलें म्हणजे ठोक्याचा आवाज बदलून भरीव येतो. मग हब पुसून कोरडा करावा व स्पेसर घालावा. दुसरें बेअरिंग त्याचें आंतलें कडें स्पेसरास टेकेपर्यंतच ठोकावें, अधिक नाहीं. एक्सलचा नट आवळला जातो तेव्हां सगळा दाब या नळीनें झेलावयाचा असतो. ती राहून गेली, तर दोन्ही आंतलीं कडीं एकमेकांकडे ओढलीं जाऊन छर्रे आडवे चिरडले जातात. बेअरिंग उघडें असेल, तर आंतील रिकाम्या जागेचा तिसरा हिस्सा ते निम्मा भाग ग्रीसनें भरावा. ठासून भरल्यास तें तापतें. दोन्हीकडून रबरी झांकणाचें असेल, तर त्यास कांहींच लावावें लागत नाहीं. सील मात्र नवेंच घालावें, कारण पाण्यासारखा शत्रु नाहीं. दसऱ्याच्या पूजेसाठीं गाडी पंपानें धुतांना पाण्याचा झोत हबावर धरण्याची हौस पुष्कळांस असते. तो सीलमधून आंत शिरतो व ग्रीस धुवून नेतो.

नट आवळल्यावर चाक हातानें फिरवावें. सैल असतांना मोकळें फिरणारें चाक आवळल्यावर जड झालें, तर स्पेसर अथवा बुश चुकला आहे. उलगडून पुनः पाहावें. चेन, ब्रेकची दांडी व स्प्लिट पिन तपासून प्रथम किटल्यांवांचूनच पांच-सहा किलोमीटर जावें, व थांबून हबाजवळ हात न्यावा. ब्रेक फारसा न लावतांहि हब चटका देण्याइतका तापला असेल, तर त्या दिवशीं दूध दुसऱ्या गाडीनें पाठवावें.