घटक ३ : पहिले महायुद्ध – कारणे आणि सामाजिक परिणाम

३.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला
• युद्धाचे निमित्त आणि युद्धाची कारणे यांतील भेद स्पष्ट करता येईल.
• युद्धाचे समाजावर झालेले परिणाम सोदाहरण सांगता येतील.
• युद्धाचे उत्तरदायित्व ठरवण्यातील अडचण विशद करता येईल.

३.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, आधुनिक साहित्याचा अभ्यास करताना ‘युद्धोत्तर’ हे विशेषण आपल्याला वारंवार भेटते. त्याचा आशय समजण्यासाठी आधी युद्ध समजून घ्यावे लागते. १९१४ ते १९१८ या काळातील युद्धाला त्या वेळचे सामान्य लोक केवळ ‘महायुद्ध’ म्हणत. ‘पहिले’ हे विशेषण दुसरे महायुद्ध झाल्यावर सर्वत्र रूढ झाले. त्या दुसऱ्या युद्धाचा एक धागा पहिल्याची जबाबदारी कशी ठरवली गेली, येथपर्यंत जातो.

३.३ निमित्त आणि कारणे

‘कावळा बसायला आणि फांदी तुटायला’ असे आपण म्हणतो, तेव्हा कावळ्याच्या भाराने फांदी तुटली असे आपल्याला म्हणायचे नसते. २८ जून १९१४ रोजी साराजेव्हो येथे गाव्रिलो प्रिन्सिप याने ऑस्ट्रिया-हंगेरीचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड व त्याची पत्नी सोफी यांची हत्या केली. हे युद्धाचे निमित्त होय. फांदी आधीच का चिरली होती, हे पाहणे म्हणजे कारणांचा शोध घेणे.

१. परस्परविरोधी करार : जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी व इटली यांचा करार १८८२ मध्ये झाला. दुसऱ्या बाजूस फ्रान्स, रशिया व ब्रिटन १९०७ पर्यंत परस्परांच्या जवळ आले होते.
२. शस्त्रस्पर्धा : ब्रिटनने १९०६ मध्ये ‘ड्रेडनॉट’ ही युद्धनौका जलावतरित केली. त्यानंतर जर्मनीशी चाललेली नाविक चढाओढ अधिकच तीव्र झाली.
३. साम्राज्यस्पर्धा : १९०५ व १९११ या वर्षी मोरोक्कोच्या प्रश्नावरून संघर्षाचे प्रसंग उद्भवले.
४. उग्र राष्ट्रवाद : बाल्कन प्रदेशात स्लाव राष्ट्रवाद आणि ऑस्ट्रियाचे साम्राज्य समोरासमोर उभे ठाकले होते.

मात्र या कारणांमुळे युद्ध अटळच होते, असा निष्कर्ष काढणे योग्य नाही. करारात असूनही इटली १९१४ मध्ये तटस्थ राहिली. म्हणजेच निर्णय घेण्यास वाव होता. जर्मनीने ऑस्ट्रियाला बिनशर्त पाठिंबा दिला, ऑस्ट्रियाने सर्बियाला ४८ तासांचे निर्वाणीचे पत्र धाडले, रशियाने सैन्य सज्ज केले, जर्मनीने बेल्जियममध्ये सैन्य घुसवले. हे सारे माणसांनी घेतलेले निर्णय होते.

३.४ समाजावरील परिणाम

सुमारे ९० लाख सैनिक मृत्युमुखी पडले. जर्मन, ऑस्ट्रियन, रशियन व उस्मानी ही चार साम्राज्ये लयास गेली. पुरुष आघाडीवर गेल्याने स्त्रिया दारूगोळ्याच्या कारखान्यांत आणि वाहतूक सेवेत काम करू लागल्या. ब्रिटनमध्ये १९१८ च्या कायद्याने स्त्रियांना मताधिकार मिळाला. परंतु तो तीस वर्षांवरील व ठरावीक पात्रता असलेल्या स्त्रियांपुरताच होता.

भारत युद्धभूमीपासून दूर असला तरी युद्धापासून दूर नव्हता. तेरा लाखांच्या आसपास भारतीय परदेशी पाठवले गेले व सुमारे ७४ हजार परतले नाहीत. मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या. एप्रिल १९१६ मध्ये कुत येथे शरण गेलेल्या ब्रिटिश-भारतीय फौजेत मराठा सैनिकही होते. जे गावी राहिले, त्यांच्या वाट्याला धान्य, कापड व रॉकेल यांची महागाई आली. १९१८ मध्ये इन्फ्लुएन्झाची साथ मुंबई बंदरातून देशभर पसरली. तिने भारतात एक कोटीहून अधिक बळी घेतले. जानेवारी १९१९ मध्ये मुंबईच्या एक लाखाहून अधिक गिरणी कामगारांनी संप केला, त्यामागे या महागाईचा मोठा वाटा होता.

३.५ उत्तरदायित्वाचा प्रश्न

साराजेव्होच्या घटनेला बरोबर पाच वर्षे झाली त्या दिवशी, २८ जून १९१९ रोजी, व्हर्सायचा तह झाला. त्याच्या २३१ व्या कलमाने युद्धातील हानीचे उत्तरदायित्व जर्मनी व तिच्या मित्रराष्ट्रांवर टाकले. या कलमात ‘अपराध’ असा शब्द नाही. तरीही जर्मन जनतेने ते अपराधाचा सक्तीचा कबुलीजबाब म्हणून वाचले आणि पुढे नाझी प्रचाराने त्या अपमानाचा पुरेपूर उपयोग केला. यावरून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ‘युद्ध अटळ होते’ असे म्हटले की कोणीच जबाबदार उरत नाही. ‘सर्व दोष एकाचा’ असे म्हटले की सूडाचे बीज पेरले जाते. प्रत्येकाच्या निर्णयाचा वाटा वेगळा मोजणे हे कठीण असले, तरी अभ्यासकाने तेच करावयाचे असते.

३.६ सारांश

हत्या हे निमित्त होते. करार, शस्त्रस्पर्धा, साम्राज्यस्पर्धा व राष्ट्रवाद यांनी युद्धाची पार्श्वभूमी तयार केली आणि राज्यकर्त्यांच्या निर्णयांनी युद्ध घडवले. त्याची किंमत मात्र निर्णयात सहभाग नसलेल्या समाजाने मोजली.

३.७ स्वाध्याय

१. ‘निमित्त’ आणि ‘कारण’ यांतील भेद पहिल्या महायुद्धाच्या आधारे स्पष्ट करा.
२. इटलीच्या १९१४ मधील भूमिकेवरून कोणता निष्कर्ष निघतो?
३. आपल्या परिसरात या युद्धातील सैनिकांचा स्मृतिस्तंभ वा शिलालेख असल्यास त्यावरील मजकूर उतरवून घ्या व त्यातील शब्दयोजनेवर दहा ओळी लिहा.