दोघांना चालून येऊ द्या

आईबाबांनो, लग्नाच्या वयाची लेक एखाद्या संध्याकाळी सहज सांगते, "रविवारी त्याच्याबरोबर मल्हारगडावर जाऊन येते." गडाचं तुम्हाला काही वाटत नाही. घोर लागतो तो तिच्या पुढच्या वाक्याचा. "माणूस चांगला आहे, पण बऱ्याच बाबतीत आमचं पटत नाही." तो देव मानत नाही आणि तुमच्याकडे संकष्टी चुकत नाही. किंवा उलट, तो पूजा झाल्याशिवाय चहा घेत नाही आणि तुमची लेक मूर्तीपुढे हात जोडत नाही. मतदान कोणाला, आरक्षण हवं की नको, लग्नानंतर आडनाव कोणतं, सगळीकडे दोन तोंडं दोन दिशांना. मग तुमच्या ओठांवर येतं, "पटत नाही तर भेटायचंच कशाला?" मुलाच्या आईवडिलांच्याही ओठांवर हेच येतं.

तुमची काळजी खोटी नाही. संसारात मतं आड येतात, हे तुम्ही तुमच्या आणि भावाबहिणींच्या घरात पाहिलेलं आहे. तरीही माझं म्हणणं ऐका. जोडीदाराची मतं आपल्याशी जुळतात का, यापेक्षा न जुळणाऱ्या मताशी तो कसा वागतो, हे कळणं जास्त गरजेचं आहे. आणि ते घरातल्या सोफ्यावर बसून कळत नाही.

आपल्या बघण्याच्या कार्यक्रमात सगळी मंडळी शहाण्यासारखी वागतात. कांदेपोह्यांची बशी हातात, आतल्या खोलीत दोघांना 'बोलायला' दिलेली पंधरा मिनिटं, आणि दाराबाहेर कान टवकारून बसलेली आत्या. पत्रिका जुळते, पगार जुळतो, "वाचनाची आवड आहे" हेही जुळतं. विवाहमंडळाचा फॉर्म असो की मोबाइलवरचं ॲप, दोन्हींत जुळणाऱ्या गोष्टींच्या याद्या असतात. न जुळणाऱ्यांचं काय करायचं, हा रकाना कुठेच नसतो.

पायवाटेवर मात्र तो आपोआप भरला जातो. समोरासमोर बसलेल्या दोन माणसांत वाद झाला की डोळ्याला डोळा भिडतो आणि कोणीतरी जिंकावंच लागतं. शेजारी चालताना दोघांची नजर पुढच्या वाटेवर असते. बोलणं थांबलं तरी अवघड वाटत नाही, कारण पाय चालूच असतात. दम लागला की आवाज आपसूक खाली येतो. आणि चार तास शहाण्यासारखं वागण्याचं नाटक चढावर टिकत नाही.

मल्हारगडाचंच घ्या. सासवडजवळच्या सोनोरी गावातून वर जाता येतं, दिवे घाटाच्या अंगाने झेंडेवाडीतूनही जाता येतं. पेशव्यांच्या तोफखान्याचे प्रमुख असलेल्या पानशांनी १७५७ ते १७६० या काळात हा गड बांधला; महाराष्ट्रात सगळ्यात शेवटी बांधलेला किल्ला म्हणून तो ओळखला जातो. चढ सोपा, गड लहान, सुट्टीच्या दिवशी बऱ्यापैकी वर्दळ. नवख्या दोघांसाठी याहून बरी जागा कोणती?

वरती खंडोबा आणि महादेव अशी दोन देवळं आहेत. एकाने जोडे काढले, दुसरा बाहेरच थांबला, असं समजा. ही पाच मिनिटं फार बोलकी असतात. बाहेर थांबलेला घड्याळ बघत उसासे टाकतो, की निवांत तटावर बसून राहतो? आत गेलेली व्यक्ती "नुसता नमस्कार करायला काय जातंय?" म्हणून हात धरून ओढते, की भंडारा लावून सहज बाहेर येते आणि बोलणं जिथे तुटलं होतं तिथून पुढे सुरू करते? श्रद्धा कोणाची किती, याची चर्चा रात्रभर झाली तरी इतकं कळणार नाही.

आता खालचा मुलूख बघा. पुरंदर तालुका म्हणजे अंजीर आणि सीताफळाच्या बागांचा. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. याच तालुक्यातल्या सात गावांच्या जमिनीवर नवा विमानतळ व्हायचा आहे आणि तिथल्या बऱ्याच शेतकऱ्यांनी त्याला विरोध केला आहे. आयटीत काम करणारा मुलगा म्हणेल, पुण्याला मोठा विमानतळ हवाच. मुलगी म्हणेल, पिढ्यानपिढ्या राखलेली बाग गेली तर त्या माणसाने करायचं काय? हा वाद घरात, मोबाइलवरच्या फॉरवर्डच्या जोरावर झाला असता तर दोघांनी दोन पक्षांची पाठ केलेली वाक्यं एकमेकांवर फेकली असती. सोनोरीच्या रस्त्याला एखाद्या टपरीवर चहा घेताना शेजारच्या बाकावर बागाईतदारच बसलेला असतो. त्याला विचारावं लागतं, त्याचं ऐकावं लागतं. मत बदलेलच असं नाही. पण समोरच्या माणसाला प्रश्न विचारून उत्तर पुरतं ऐकून घेण्याची सवय आहे की नाही, ते कळतं.

याच मुलखातून, दिवे घाट चढून, दरवर्षी आषाढी वारीत ज्ञानोबांची पालखी सासवडला येते. समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे वारीत चालल्या होत्या. 'वाटचाल' या लेखात त्यांनी एक सल नोंदवली आहे: एकत्र चालणारी, एकत्र अभंग म्हणणारी माणसं जेवायला मात्र जातीप्रमाणे वेगवेगळी बसत. बरोबर चालणं पुरेसं नसतं, हे त्यांनी त्या वाटेवरच पाहिलं. तुमच्या मुलांनीही डबा उघडताना डोळे उघडे ठेवावेत. एकीच्या डब्यात अंड्याची पोळी आणि दुसऱ्याचा उपवास, यात बिघडत काही नाही. "आमच्यात हे चालत नाही" म्हणत तो जरा सरकून बसला, तर मात्र ते लक्षात ठेवायचं.

कारण सगळ्याच गोष्टी 'मतं' नसतात. देव आहे की नाही, विमानतळ हवा की नको, ही मतं. "लग्नानंतर नोकरी सोडावी लागेल", "आमच्या घरी देण्याघेण्याची पद्धत आहे", एखाद्या जातीचा किंवा धर्माचा उल्लेख करताना वाकडं होणारं तोंड, टपरीवरच्या पोऱ्याला 'ए' म्हणून हाक, ही मतं नाहीत. ती वागणूक आहे, आणि तिच्यासोबत तुमच्या मुलाला किंवा मुलीला रोज राहायचं आहे. इथे सबुरीचा सल्ला देऊ नका. 'पुढे सुधारेल' हे वाक्य तर घरातून हद्दपारच करा.

काळजीच्या चार गोष्टी थोडक्यात सांगते. पहिली भेट दिवसाउजेडी, वर्दळीच्या वाटेवर. पावसाळ्यात धबधब्याकडे किंवा निसरड्या कड्याकडे नको. कुठून चढणार, कुठून उतरणार, परत कधी, हे घरी माहीत असावं आणि परतीची सोय ज्याची त्याची असावी. हे नियम मुलीइतकेच मुलालाही लावा. मुलीला एकटीलाच लावलेत, तर पुढच्या वेळी ती मैत्रिणीचं नाव सांगून जाईल.

परत आल्यावर दारातच "मग, काय ठरलं?" असं विचारू नका. पाय धुऊ द्या, जेवू द्या. नंतर विचारायचंच तर एवढं विचारा: कोण पुढे चालत होतं? तू दमलीस तेव्हा तो थांबला का? तुमचं कशावरून बिनसलं, आणि त्यानंतरची दहा मिनिटं कशी गेली? उत्तर "परत भेटणार नाही" असं आलं तरी रविवार वाया गेला नाही. हेच लग्नानंतर कळलं असतं तर फार महागात पडलं असतं.

या सगळ्यात तुमचाही एक वाटा आहे. मतभेद झाल्यावर कसं वागायचं, हे मुलं घरात शिकतात. गोपाळ गणेश आगरकरांनी 'सुधारक'मधून रूढींवर कोरडे ओढले, पण पत्नी यशोदाबाईंच्या देवधर्माला त्यांनी आडकाठी केली नाही. तुमच्या घरी काय दिसतं? निवडणुकीच्या दिवसांत बाबा बातम्या लावतात आणि आई उठून आत जाते, असंच मुलांनी वर्षानुवर्षं पाहिलं असेल, तर मतभेद म्हणजे भांडण किंवा अबोला, याखेरीज तिसरी गोष्ट त्यांना ठाऊक नसणार.

म्हणून शेवटी एक सुचवते. हे प्रकरण पुढे सरकलं, तर त्या मुलाला किंवा मुलीला घरी पोह्यांना बोलावण्याआधी तुम्हीच एका सकाळी त्यांच्याबरोबर चालून या. गुडघे कुरकुरत असतील तर सोनोरीच्या पायथ्याशीच फिरा. त्याचं मत बदलायला जाऊ नका. तुमच्या मताविरुद्ध तो काही बोलला, की तुमची पावलं भराभर पडतात की त्याच्याबरोबरीने, तेवढं बघा. त्याचीही नजर तिकडेच असणार आहे.